दुपारी तीनची सायंप्रार्थना

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहिताय. गाव इंग्लंडच्या पूर्वेकडचं, साल १९४०, महिना नोव्हेंबर. पडदा उघडतो तेव्हा रविवारची संध्याकाळ आहे. चर्चच्या घंटा वाजताहेत, रंगीत काचांमधून आतला उजेड अंगणात पडलाय आणि हातात कंदील घेतलेले गावकरी उपासनेला निघालेत. तुम्ही विचारलंय की युद्धाने अशा गावातलं चर्चचं आणि लोकांचं रोजचं जगणं कसं बदललं, आणि माणसं देवाकडे जास्त वळली का.

मी मूळची नगरची. गेली २२ वर्षं इंग्लंडच्या पूर्व भागातल्या एका जिल्हा अभिलेखागारात काम करते. गावोगावच्या चर्चमधून जुन्या पेट्या येतात. त्यांतले कागद लावायचे, सुटी पानं जुळवायची, सूची करायची, हे माझं काम. १९३९ ते १९४५ या वर्षांचे असे कागद शेकड्यांनी माझ्या हाताखालून गेलेत. त्या भरवशावर सांगते. तुमच्या पहिल्या प्रसंगातली एकही गोष्ट त्या संध्याकाळी घडली नसती. घंटा वाजल्या नसत्या, खिडक्या उजळल्या नसत्या, उघडे कंदील दिसले नसते आणि मुळात ती वेळच संध्याकाळची नसती. पण हे कळल्यावर तुमचं नाटक जास्त खरं होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं बघू. १ सप्टेंबर १९३९ पासून, म्हणजे युद्ध पुकारायच्या दोन दिवस आधीपासूनच, देशभर अंधारबंदी (ब्लॅकआउट) लागू झाली, म्हणजे रात्री उजेडाची तिरीपही बाहेर दिसू द्यायची नाही. घरांना जाड काळे पडदे शिवून भागलं. पण इकडच्या चर्चचं काय करायचं? पूर्वेकडच्या काउंट्यांमधली ही मध्ययुगीन चर्चं लोकरीच्या व्यापाराच्या पैशातून उभी राहिलेली. गाव ३०० वस्तीचं आणि खिडक्या दोन-दोन मजले उंच. एवढं काळं कापड आणायचं कुठून आणि दर रविवारी शिडीवर चढून लावायचं कुणी? म्हणून बहुतेक गावांनी सोपा मार्ग काढला आणि हिवाळ्यातली साडेसहाची सायंप्रार्थना दुपारी तीन-साडेतीनला आणली. १९४० च्या हिवाळ्यात घड्याळं उन्हाळी वेळेवरच, एक तास पुढे ठेवली होती. तरीसुद्धा नोव्हेंबरच्या मध्याला इकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळायचा. तिन्हीसांजेच्या आत उपासना आटपून माणसं घरी पोचलेली असायची. ज्यांना उशीर व्हायचा ते बॅटरीच्या तोंडाला पातळ कागद लावून, प्रकाशाचा ठिपका फक्त पायाखाली धरून चालायचे.

उपासनांची एक नोंदवही प्रत्येक चर्चमध्ये असते. तारीख, वेळ, उपासनेचा प्रकार, चालवणाऱ्याची सही, प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या, दानाची रक्कम आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. नव्या माणसाला शिकवताना मी आधी हीच वही पुढे ठेवते. पाळकांचे उपदेश छापील आणि विचारपूर्वक लिहिलेले असतात. ही वही मात्र उपासना संपल्यावर, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, दोन मिनिटांत भरलेली असते. ऑक्टोबरच्या एका रविवारी ६.३० लिहून खोडलेलं दिसतं, वर ३.०० लिहिलेलं. हाताला जुनी सवय. पुढच्या रविवारी पुन्हा तीच खोड. मग तीन बिनखोड पडतात. शेऱ्यात कुठे ‘सायरन, उपदेश अर्धा’, कुठे ‘पेटीवादक सैन्यात, गीतं विनासाथ’, कुठे नुसतंच ‘फार थंडी’.

मे १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे गेली. जूनमध्ये रात्री सव्वादहापर्यंत सूर्य दिसायचा. म्हणजे संध्याकाळची उपासना पुन्हा साडेसहाला भरवता आली, पण आता शेतकरी येईनात. एवढा उजेड असताना गवत कापायचं सोडून कोण येणार? त्या उन्हाळ्यातली घटलेली संख्या पाहून गाव नास्तिक झालं असा निष्कर्ष काढणारे संशोधक मी पाहिलेत. माणसं शेतात होती.

आता घंटा. १३ जून १९४० च्या आदेशाने देशभरातल्या चर्चच्या घंटा बंद झाल्या. शत्रू हवाई छत्रीने उतरला तरच त्या वाजवायच्या, एरवी नाही. रविवारी नाही, लग्नाला नाही, नाताळला नाही. आपल्याकडे वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीसारखी झाली. त्यामुळे घंटा म्हटलं की आपल्याला टोल देणारा एक लोलक आठवतो. इंग्लिश मनोऱ्यातला प्रकार निराळा. शेकडो किलोंची घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते. वाजवण्याआधी ती हळूहळू झुलवत तोंड वर करून उभी करावी लागते. दर ओढीला ती पूर्ण फेरा घेते. सहा घंटा असतील तर सहा माणसं, क्रम बदलत, तासन्‌तास. हे अंगवळणी पडायला महिने लागतात. दोराची पकड चुकली तर घंटा माणसाला छतापर्यंत वर खेचू शकते.

आदेश निघाल्यावर अडचण झाली ती इथेच. छत्रीधारी सैनिक दिसल्यावर घंटा वाजवायची कुणी? होमगार्ड म्हणजे गावच्या रक्षणासाठीचे स्वयंसेवक, त्यांना आणि लष्कराच्या माणसांना त्यातलं काही येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते तरुण एकेक करून भरती होत होते. मागे उरलेले म्हातारे घंटेचा लोलक बांधून, आवाज न करता, नुसता दोर ओढून सराव करत. काही जण हातातल्या छोट्या घंटा घेऊन कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसत. तुमच्या नाटकात हा प्रसंग जरूर घ्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी चार म्हातारे आणि एक १४ वर्षांचा मुलगा गोल उभे आहेत, दोर वर जातोय, खाली येतोय, लाकूड करकरतंय आणि घंटेचा आवाज नाही.

७ सप्टेंबर १९४० च्या शनिवारी रात्री ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक शब्द लष्कराच्या तारांवर फिरला. अर्थ होता, आक्रमण अगदी जवळ आलंय. काही गावांनी तो आक्रमण झालंच असा घेतला आणि घंटा वाजवल्या. माणसं बंदुका, काठ्या घेऊन बाहेर पडली. कुणी आलं नाही. त्याच दिवशी लंडनवर मोठे हल्ले सुरू झाले होते. दुसरा दिवस, ८ सप्टेंबरचा रविवार, राष्ट्रीय प्रार्थना दिन म्हणून आधीच ठरलेला होता. रात्रभर जागलेली माणसं सकाळी बाकांवर येऊन बसली तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. ते नाटककाराने लिहावं.

खिडक्यांकडे येते. मौल्यवान जुनी काच जिथे होती तिथे ती काढून सुरक्षित जागी ठेवली गेली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधली बहुतेक काच अशी उतरवली होती आणि तिच्या जागी डांबरी कागद ठोकले होते. तिथली नाताळच्या आदल्या दिवसाची, बायबलमधल्या नऊ पाठांची आणि गीतांची उपासना १९१८ मध्ये सुरू झाली, तीही पहिल्या महायुद्धात लष्करी पाळक राहिलेल्या एरिक मिलनर-व्हाइट यांनी सुरू केलेली. दुसऱ्या युद्धातही ती चालू राहिली. काच नाही, गरम करायची सोय नाही, पण गायन झालं आणि रेडिओवरून देशभर गेलं. फक्त जागेचं नाव सांगितलं जात नसे, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून.

छपरावरचा पहारा हा आणखी एक मोठा भाग. जाळपोळीचे बॉम्ब लहान, जेमतेम किलोभराचे असत. पण शिशाच्या पत्र्यातून खाली जाऊन जुन्या ओकच्या वाशांवर पडले की चर्च गेलंच. वेळेत सापडला तर वाळूची बादली आणि पायाखाली दाबून चालवायचा हातपंप पुरायचा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल छपरावर माणसं असतानाही जळालं, कारण पाणी संपलं. लंडनचं सेंट पॉल तशाच पहाऱ्यामुळे वाचलं. पुढे १९४१ मध्ये आगपहारा सक्तीचा झाला. गावात त्याची पाळीपत्रकं असत. चर्चच्या दाराला टाचलेल्या अशा पत्रकांवर गावचा सुतार, शाळेतल्या बाई, मेथडिस्ट चॅपेलचे कारभारी यांची नावं एकाखाली एक दिसतात. चर्च ऑफ इंग्लंड हे देशाचं अधिकृत चर्च आणि चॅपेल म्हणजे त्याबाहेरच्या मेथडिस्टांसारख्या पंथांची प्रार्थनाघरं, या दोघांत पिढ्यान्‌पिढ्या विस्तव जात नव्हता. मेथडिस्ट माणूस गावच्या चर्चच्या छपरावर रात्र काढतोय, हे १९३८ मध्ये कुणाला खरं वाटलं नसतं. मला विचाराल तर धर्माच्या बाबतीत युद्धाने घडवलेला मोठा बदल हाच होता, आणि तो उपदेशपीठावर घडला नाही.

चर्चचा हॉल तर दिवसभर उघडा. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक मुलं आणि आया, शहरांतून खेड्यांत हलवली गेली. गळ्यात गॅस मास्कचा खोका, कोटाला नावाची चिठ्ठी. त्यांना हॉलमध्ये किंवा शाळेत उभं करायचे आणि गावातल्या बायका येऊन ‘ही चालेल, तो नको’ असं निवडून न्यायच्या. शेवटी उरलेल्या मुलांनी ते जन्मभर लक्षात ठेवलं. पहिल्या मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळायचे, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी साडेआठ. लिव्हरपूलची कॅथलिक मुलं वेल्समधल्या चॅपेलवाल्या घरांत पडली, जिथे जवळपास त्यांचं चर्च नाही आणि घरातली भाषाही वेगळी. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ज्यू मुलांच्या ताटात डुकराचं मांस आलं. बॉम्ब पडेनात तशी जानेवारी १९४० पर्यंत त्या १५ लाखांतली निम्म्याहून अधिक परत गेली. पुढे हल्ले सुरू झाल्यावर पुन्हा आली.

त्याच हॉलमध्ये स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्था जुने कपडे गोळा करत, मोजे विणत, सरकारकडून मिळालेल्या साखरेत फळांचे मुरांबे घालत. व्हिकरच्या, म्हणजे गावच्या पाळकाच्या, बंगल्यापुढच्या हिरवळीवर बटाटे लागले. स्मशानभूमीचे लोखंडी कठडे भंगारासाठी कापून नेले. अनेक गावांत कुंपणाच्या दगडात त्यांची कापलेली बुडखी आजही दिसतात, बोट फिरवून पाहिलं तर धार लागते. लग्नं होत होती, पण ऑगस्ट १९४० पासून केकवर साखरेचं आवरण घालायला बंदी आली. मग पुठ्ठ्याचा पांढरा केक भाड्याने आणून खऱ्या छोट्या केकवर झाकायचे, फोटो काढायचे आणि उचलून ठेवायचे. कागदटंचाईमुळे चर्चचं मासिक बारीक होत गेलं, १२ पानांचं चार पानी. त्या चार पानांतही सैन्यात गेलेल्यांची नावं मात्र कापलेली मला कधी आढळली नाहीत.

माणसं देवाकडे वळली का? राष्ट्रीय प्रार्थना दिनी नक्की. २६ मे १९४० ला, फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परत आणायला सुरुवात झाली त्या रविवारी, राजाच्या आवाहनावरून देशभर चर्चं भरली. वह्यांत संख्या एकदम तिप्पट-चौपट दिसते. दोन रविवारांनी ती पूर्ववत. म्हणून संकटात सगळे भाविक होतात, हे वाक्य तुमच्या पात्राच्या तोंडी असलं तरी नाटकाच्या तोंडी नको. तरुण लढाईवर, बायका कारखान्यांत आणि शेतांवर, रविवारीही पाळ्या. नेमाने येणं घटलंच. पण १० नोव्हेंबर १९४० पासून रात्री नऊला रेडिओवर बिग बेनचे टोल सुरू झाले की घराघरांत माणसं मिनिटभर गप्प बसत. ती वहीत मोजली गेली नाहीत, म्हणून ती प्रार्थना नव्हती असं मी तरी म्हणणार नाही.

या काळाची आठवण काढताना सगळे एकदिलाने वागले असं सांगायची पद्धत आहे. तसं लिहू नका. सॉमरसेटमधल्या वर्ल गावी १९४२ मध्ये व्हिकरच्या बायकोने गावातल्या बायकांना जमवून कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांशी कसं वागू नये, त्यांना घरात कसं घेऊ नये याचे नियम सांगितले. ते वर्तमानपत्रात आलं. त्या बायकांपैकी काहींना त्याचा संताप आला, हेही आलं. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात उभं राहून जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकण्याला विरोध केला. स्वतःच्याच लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. शत्रूसाठी प्रार्थना करावी का, आणि केली तर मुलगा गमावलेल्या आईसमोर ती मोठ्याने म्हणावी का, हा प्रश्न प्रत्येक गावात होता. चर्च कमिटीच्या इतिवृत्तांत तो ‘चर्चा झाली’ एवढ्याच शब्दांत दिसतो.

आणि काही गावंच गेली. नॉरफोकमधली टॉटिंग्टन, स्टॅनफर्ड, वेस्ट टॉफ्ट्स, लँगफर्ड ही गावं १९४२ मध्ये सैन्याच्या सरावासाठी रिकामी केली. माणसांना वाटलं होतं परत येऊ. ते आजही लष्करी क्षेत्र आहे. चर्चं उभी आहेत, सभोवती घरं नाहीत. डॉर्सेटमधल्या टाइनहॅमचे लोक डिसेंबर १९४३ मध्ये निघाले तेव्हा चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावून गेले. चर्च आणि घरं जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ, असा तिचा आशय. ते परत आले नाहीत.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहितेय ते सांगते.

कामाला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका गावच्या मासिकाचा गठ्ठा लावत होते. १९४२ चा वसंत. ‘आपली मुलं’ या सदरात ओळ होती की आपल्या बटालियनमधल्या मुलांची पत्रं हिंदुस्थानातून आली आहेत, सगळे मजेत आहेत, हवा कोरडी आणि रात्री थंड आहे. पुढे गावाचं नाव, चुकीच्या स्पेलिंगमध्ये. मी ते दोनदा वाचलं. अहमदनगर.

पूर्वेकडच्या काउंट्यांतून, नॉरफोक, सफोक आणि केंब्रिजशरमधून, उभी राहिलेली ब्रिटिश सैन्याची १८ वी डिव्हिजन मध्यपूर्वेला म्हणून निघाली होती. वाटेत जपान युद्धात उतरला. तिचा मोठा भाग डिसेंबर १९४१ च्या अखेरीस मुंबईला उतरला आणि काही आठवडे नगरला राहिला. भुईकोट किल्ला, छावणी, ती उघडी माळरानं. मी तिथे लहानाची मोठी झाले. जानेवारीच्या शेवटी ती जहाजं सिंगापूरला पोचली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि अख्खी डिव्हिजन कैद झाली. पत्रं बोटीने येत, म्हणून नगरहून लिहिलेली पत्रं इंग्लंडमध्ये पोचली तेव्हा मुलं केव्हाच कैदेत होती. मासिकात ‘सगळे मजेत’ छापून आलं ते त्यानंतर.

पुढे शांतता. मेलेत की जिवंत, काहीच नाही. बहुतेक घरांना पहिलं छापील कार्ड, मोजक्या शब्दांचं, वर्ष उलटून गेल्यावर मिळालं. काहींना कधीच नाही. कैद्यांतले हजारो जण जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर आणि छावण्यांत मेले. घरी हे कळलं युद्ध संपल्यावर.

या मधल्या काळात गावच्या चर्चने काय केलं, हे त्याच गठ्ठ्यात आहे. दर रविवारी नावं वाचली जात. व्हिकरपुढे अडचण अशी की मृतांच्या यादीत ही नावं घालता येईनात आणि लढणाऱ्यांच्या यादीतही बसेनात. त्याने तिसरी यादी केली, ‘ज्यांची वार्ता नाही’. सात नावं. दोन एकाच घरातली.

मग १५ नोव्हेंबर १९४२ चा रविवार आला. इजिप्तमध्ये एल अलामेनचा विजय झाला होता आणि सरकारने सांगितलं की आज सकाळी देशभर घंटा वाजवा. अडीच वर्षांनी. सगळीकडे माणसं रस्त्यावर येऊन ऐकत उभी राहिली, काही रडली. या गावी सहापैकी तीनच घंटा वाजल्या, कारण वाजवणारे तेवढेच उरले होते. मासिकाच्या पुढच्या अंकात व्हिकरने तीन ओळी लिहिल्यात. घंटा वाजवण्याआधी आदल्या दिवशी तो त्या सहा घरी जाऊन विचारून आला, वाजवू का म्हणून. सगळ्यांनी हो म्हटलं. दोन मुलगे असलेल्या बाईने हो म्हटलं आणि विचारलं, किती वाजता. मग त्या वेळी ती सायकल घेऊन, आवाज पोचणार नाही इतकी लांब, मोठ्या रस्त्याने गेली आणि अकराच्या उपासनेला परत येऊन आपल्या बाकावर बसली.

तुमच्या घंटा दुसऱ्या अंकात, इथे वाजवा. पहिल्या अंकाचा पडदा उघडेल तेव्हा दुपारचे तीन असू द्या, उन्ह तिरकं असू द्या आणि मनोऱ्यातून फक्त दोराचा आणि लाकडाचा आवाज येऊ द्या.